जावईबापूंचं रुसणं आणि तुझं शास्त्र

दवनीवाडा, नागपंचमीचा दुसरा दिवस, १९४१

आमचे एकुलते एक शिकलेले मेहुणे रा. रा. यादोराव यांस केशोरावचे आशीर्वाद. नागपूरचं पाणी मानवतं ना? तुझी बहीण धुरपता ठणठणीत आहे (आवाजावरून तरी). मी मात्र तुझ्या कृपेने फसलो आहे.

आमचे जावई शालीकराम दर आषाढात आखाडीच्या सणाला येऊन भिंतीकडे तोंड करून रुसतात, हे तुला ठाऊक आहेच. समजूत काढायची आपली रीत, म्हणून आधी अंगठी दिली, मग छत्री, मग सायकल. त्यावर तू कॉलेजातलं ज्ञान पाजळलंस, की अमेरिकेत पेटीतला उंदीर दांडी दाबतो, कारण दाबली की दाणा पडतो. म्हणालास, तुम्ही रुसण्याला दाणा घालता, तो बंद करा आणि हसले की ताबडतोब काही हातावर ठेवा. मला पटलं (शिकलेल्याचं मला फार लवकर पटतं, हा जुना रोग). यंदा ते रुसले तर कोणी ढुंकून पाहिलं नाही. आधी जास्तच रुसले, जेवायलाही उठेनात. मग मांजराचं तोंड दुधाच्या गंजात अडकलेलं पाहून त्यांना हसू फुटलं आणि धुरपताने तत्क्षणी अनारसा दिला.

तेव्हापासून हसताहेत. भात करपला, हसले. छप्पर गळलं, हसले. शेजारच्या देवका काकूच्या तेरवीला मंडळी डोळे पुसत असताना खो खो हसून हात पुढे केला, आणि धुरपताने सवयीने त्यावर अनारसा ठेवलाही (यात उंदीर कोण, ते पुस्तकात बघ). काकूची मुलं आता आमच्याशी बोलत नाहीत.

पूर्वी जावईबापू रुसून निघून तरी जायचे. आता हलतच नाहीत. तिकडे त्यांची भाताची रोवणी अडली आहे आणि व्याह्यांचा निरोप आला, मुलगा पाठवा, नाहीतर सुमित्रेला कायमची माहेरीच ठेवा. लेकीचा संसार मोडतो की काय, या धास्तीने मी जावईबापूंना हळूच विचारलं. म्हणाले, "मामाजी, घरी हासलो त बाप काठी घेऊन धावते. मी इथंच बरा आहो जी." मला त्यांची दयाच आली.

तुझा,
केशोराव

ता. क. मुद्दा राहिलाच. जावयाला पुन्हा रुसायला कसं शिकवावं, ते उलट टपाली कळव.

आणखी एक ता. क. धुरपताला व्याह्यांचा निरोप सांगितला. घाबरायचं सोडून तिने अनारशाचे तांदूळ भिजत घातले. खरं सांगतो, लेक घरात असली की मलाही जेवण गोड लागतं. तू उत्तर सावकाश दे. खसखस मात्र लगेच पाठव, इथली संपली.