यंत्र एक, आकडा एक

१७ जानेवारी २०११, सरकारी दवाखाना, पिलार

लसी गेल्या. सगळ्या. शनिवारी-रविवारी शीतखोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला, पारा अकरा अंशांवर — आणि धोक्याची घंटा गप्प! आठच्या वर गेला की वाजायला हवी होती. संगणकावर घंटेचा प्रोग्राम उघडला. मर्यादा बाराच. त्या खोलीत पूर्वी दुसरा माल असायचा, तेव्हाची. ती आठ करायला शीतखोली सांभाळणाऱ्या एवेलियोला नोव्हेंबरातच सांगितलं होतं.

"केली की, दोन्या. माझ्या खात्यातून उघडून दाखवतो." बाईसाहेबांना इथे दोन्याच म्हणतात.

त्याला संगणकापाशी जाऊ दिलं नाही. आकडा बदलील आणि वर साळसूद चेहरा करील. "यंत्र एक, आकडा एक," म्हटलं.

१८ जानेवारी

संगणकावरचं एवेलियोचं खातं पुसायला लावलं. काम तिथल्या तिथे झालेलं बरं.

२४ जानेवारी

चौकशी झाली. एवेलियो आधी अडून बसला. मग मी पडद्यावरचा बारा दाखवला. त्याने बोट ठेवून वाचला. राहिलंच असेल माझ्याकडून, म्हणाला, आणि कबुलीवर सही केली. सरकारी दवाखान्यांत आता त्याला कुठेही जागा नाही. त्याची आई बाजारात चिपा, चीजचे पाव, विकते. मला पाहून तिने टोपली झाकली.

३ फेब्रुवारी

त्याच्या जागी ग्रासिएला. तिने मर्यादा आठ केली. मी माझ्या खात्यातून पाहिलं — बारा! फैलावर घेतलं. बाई माझ्याहून खमकी. मला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतःचं खातं उघडलं.

"वाचा, दोन्या. चष्मा लावून."

आठ.

४ फेब्रुवारी

संगणक बघणारा ओस्मार आला. तेरेरेचा थंडगार काढा पीत पीत उलगडून सांगितलं. प्रोग्राम जुना — जो बसेल तो यंत्राचा मालक, त्या काळातला. आकडा तो रजिस्ट्रीत लिहायला जातो, सगळ्यांच्या सामायिक नोंदींत. साध्या वापरणाऱ्याला आता तिथे हात लावता येत नाही. पण यंत्र 'नाही' म्हणत नाही! म्हटलं तर जुने प्रोग्राम बंद पडतील. म्हणून गुपचूप त्या माणसाच्या खासगी कप्प्यात लिहितं, आणि त्याने विचारलं की तिथलंच दाखवतं. घंटा मात्र सामायिक नोंद वाचते.

सगळ्यांची मालकी काढून घेतली कोणी? मीच. लोक पत्ते खेळत संगणकावर.

एवेलियोचा कप्पा उघड, म्हटलं.

"खातं पुसलं की कप्पाही जातो, दोन्या."

१८ फेब्रुवारी

एवेलियोला परत घ्या, असं मी वर लिहिलं होतं. आसुन्सिओनच्या मंत्रालयातून उत्तर आलं. यंत्र असं करू शकतं, हे मान्य. एवेलियोने आकडा बदलला होता याला पुरावा काय? शिवाय त्याची सही आहे.

२० फेब्रुवारी

एवेलियोच्या घरी गेले. सगळं सांगितलं. तू केलं होतंस, म्हटलं.

त्याने मान हलवली. "नाही, दोन्या. खूप आठवून पाहिलं. तो बाराच डोळ्यांपुढे येतो. केलंच नव्हतं मी."