लाल बदाम

सोमवार, ४
शिसारी आली! लॅबच्या ऑनलाइन पानावर माझा फोटो — हातात रक्ताची नळी, डोक्यावर हिजाब. डॉक्टर म्हणाले होते, "आपल्याकडे सगळ्या प्रकारचे लोक आहेत, हे दिसू दे." मी काय तपासणीचा नमुना आहे? पण 'चालेल' मीच म्हटलं. घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी — अन् साधं 'नको' म्हणायला शिकले नाही.

मंगळवार, ५
एकशे बारा प्रतिक्रिया. सगळ्या वाचल्या. का वाचल्या! एक लिहितो, "हिच्या हातून सुई टोचून घेणार नाही." त्याखाली आपल्यातलीच एक — "कोपरापर्यंत हात उघडे, मग डोकं कशाला झाकलं?" अगं बाई, बाही वर केल्याशिवाय हात कसे धुऊ? तरी आज बाही खाली ओढूनच काम केलं. कड दुसऱ्याच्या रक्तात भिजली. घाण त्या लोकांची, आणि किळस आली माझी मलाच.

बुधवार, ६
बाही वर केली. कोपरापर्यंत हात धुतले.

गुरुवार, ७
आमच्या समाजातल्या बहिणींचा फोनवरचा ग्रुप, दोनशे जणी. तो चालवणाऱ्या आपाने त्याच प्रतिक्रिया तिथे टाकल्या. "बघा, हिच्या अम्मीलाही पटलंय!" खरंच — प्रत्येक शिवीखाली अम्मीचा लाल बदाम! चाळीस जणींनी हसणारे चेहरे लावले. शी!

अम्मीला अक्षर येत नाही. खातं मीच उघडून दिलं. "आवडलं की बदाम दाबायचा," तेही मीच शिकवलं. लेकीच्या फोटोखाली लोक एवढं लिहितात, म्हणजे कौतुकच — दुसरं काय वाटणार तिला?

ग्रुप सोडला.

शुक्रवार, ८
डॉक्टरांना म्हटलं, फोटो काढा. "आता? अहो, तुमच्यामुळेच तर पान चाललंय!"

संध्याकाळी अम्मी फोन घेऊन जवळ बसली. "वाच ना गं, काय काय म्हणतात?" मी एकेका घाणीवर बोट ठेवत वाचलं — "मुलीचा हात हलका आहे." "आईबापांनी छान घडवलं." अम्मी पदराने डोळे पुसत राहिली. "हे परत वाच." पहिल्यांदा काय बोलले तेच आठवेना. दुसरं खोटं रचलं. नमाजला उभी राहिले तर तोंडून शब्द फुटेना.

शनिवार, ९
अम्मीने पाटी आणि पेन्सिल आणली. "अक्षरं शिकव मला. सारखं तुला कशाला सांगू? तुझं कौतुक माझं मीच वाचीन."