साध्या पाण्यातली पट्टी

प्रिय वैजनाथ,

नांदेडला जाताना वारंगा फाट्यावर तुझा भला मोठा फ्लेक्स दिसला. अंगात कोट, हाताची घडी आणि खाली तुझ्या क्लासच्या नावासोबत 'केमिस्ट्रीचा बादशहा'. चांगला गुटगुटीत झालास. बघून बरं वाटलं असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? डोळ्यांत खुपलास.

मी आपल्याच जुन्या कॉलेजात बारावीला केमिस्ट्री शिकवते. परवा इलेक्ट्रोड पोटेन्शियल शिकवत होते. एकट्या इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल मोजता येत नाही, जोडीला दुसरा लागतोच, हे सांगताना तू आठवलास. कॉलेज सुटल्यावर सायकल हातात धरून चालताना हेच वाक्य तू मला ऐकवलं होतंस आणि मी लाजून कितीतरी दिवस तुझ्याशी धड बोलले नव्हते. दोघांनी नांदेडला बी.एस्सी. करायची, हे त्याच रस्त्यावर ठरलं. बाबांची अट तुला ठाऊक होती. बारावीत मी कॉलेजात पहिली आले तरच नांदेड.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मला सेल जोडायचा आला. एका बीकरमध्ये झिंक, दुसऱ्यात तांबं, आणि दोन्ही बीकर जोडायला पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी, तोच आपला सॉल्ट ब्रिज. व्होल्टमीटरचा काटा एकच्या थोडा पुढे जायला हवा होता. तो जागचा हलेना. मी वायरी काढून पुन्हा लावल्या, पॉलिशपेपरनं झिंक इतकं घासलं की बोटाची सालं निघाली. परीक्षक शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते. मी सगळं तपासलं. पट्टी तेवढी तपासली नाही, कारण ती तू भिजवून दिली होतीस.

तू पहिला आलास, मी दुसरी. बाबा एवढंच म्हणाले, "आमी बोललो होतो नं पोरी? आता नांदेडचं नाव काढायचं न्हाई." साखरा गावात माझं लग्न लावून दिलं. तू निरोप धाडलास, वाईट वाटून घेऊ नको, तुझं डोकं चांगलं आहे, हात तेवढा कच्चा आहे. वैजनाथ, मी ते खरं मानलं रे. लेकरू कडेवर घेऊन बी.एस्सी. केली, एम.एस्सी. केली, नोकरी लागली, तरी सेल जोडायला माझा हात धजला नाही. वर्षानुवर्षं तेवढं प्रॅक्टिकल मी माझ्या जोडीला शिकवणाऱ्या संतराम सरांच्या गळ्यात मारत आले.

मागच्या महिन्यात आरोही नावाची माझी विद्यार्थिनी मोबाईल घेऊन आली. "मॅडम, ह्ये सर लई हसवून शिकवून राहिले, बघा नं." व्हिडिओत तू होतास. सॉल्ट ब्रिज बिघडला तर काय होतं, हे समजावताना तू गंमत म्हणून सांगितलंस, की वर्गात एक पोरगी माझ्या पुढे जायची, तिला परीक्षेत मी साध्या पाण्यात भिजवलेली पट्टी दिली, तिच्यातून वीज जाणारच कशी, आणि ती बिचारी झिंक घासत बसली. मी कशी घासत होते त्याची नक्कलही केलीस. तुझा वर्ग हसला. आरोहीही हसली. मी तिचा मोबाईल परत केला. प्रयोगशाळेत गेले, दार लावून घेतलं आणि सेल जोडला. काटा पहिल्या फटक्यात बरोबर जागेवर गेला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

येत्या रविवारी कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन तुझ्या हस्ते आहे. पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम मी मागून घेतलंय. तुझ्या क्लासला लेकरं घालायला निघालेले आईबाप समोर बसलेले असतील. तो व्हिडिओ मी पडद्यावर लावणार आहे आणि ती पोरगी मीच, हे माईकवर सांगणार आहे. व्हिडिओ काढून टाकायची धडपड करू नकोस, मी उतरवून ठेवलाय. ऐनवेळी आजारी पडलास तर रिकाम्या खुर्चीचा परिचय करून देईन. फोन करून गोड बोलू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. तुला आधी कळवायची खरं तर काही गरज नव्हती. पण रविवारपर्यंत तुझ्या घशाखाली घास उतरू नये, म्हणून हे पत्र.

एके काळची तुझीच,
शिवकन्या