बुटांसकट उडी

तुतिकोरिन, मे २०२४

सौ. तनुजास लांबून लई आठवण.

मी मजेत आहे, इथला भात अंगी लागतोय. टँकर रोज येतो का?

इथं समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करायला शिकवतात. परवा नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं ओळखलं, तेव्हापासून पोरं मला डॉक्टर म्हणतात.

पण आधी पोहण्याच्या तलावात बुटांसकट उडी मारायची परीक्षा असते. काल फळीवर उभा राहिलो. खाली असलं नितळ पाणी, की मी बूट काढून बाजूला ठेवले.

"अरे, जूते क्यों उतारे?" सर ओरडले.

"सर, हमारे यहाँ पानी में जूते नहीं डालते."

सगळे हसले. मी नापास.

आज शेवटची संधी होती. बोअर आटले तसं आपलं मोटार वाइंडिंगचं दुकान बसलं. परत येऊन काय केलं असतं? बूट घट्ट बांधले आणि उडी टाकली.

पाण्याखाली सगळे आवाज थांबले. वर उजेड हलत होता. वाटलं, जायकवाडी काठोकाठ भरलंय आणि अख्खं बिडकीन गाव त्यात अलगद तरंगतंय, आपल्या म्हशीसकट. अंगातल्या लाइफ जाकिटानं वर आणलं तेव्हा जरा वाईटच वाटलं.

पास झालो. गल्लीत पेढे वाट. फक्त पाण्यात बूट घातले, हे आईला सांगू नको.

तुझाच,
शिवराज