जानूआज्याची बाव

कांदिवली, मुंबई
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
धम्मदीपचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो आणि मग दर्शनाला मधे पडावं लागतं, म्हणून आज लिहायलाच बसलो. तू जन्मभर शाळेत पत्रलेखन शिकवलंस, तेव्हा चुका काढशीलच. काढ.

आमच्या इमारतीला नोटीस आली आहे. मेअखेर खोली रिकामी करायची. दर्शनाचे गुडघे तुला माहीत आहेत, सानिकाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. आता या वयात भाड्याच्या खोल्या बदलत फिरायची माझी तयारी नाही. बदलापूरला लिफ्टवाली एक जागा पाहून ठेवली आहे, गावचं घर विकलं तर ती घेता येईल. आई जाऊन तीन वर्षं झाली, गावचं घर बंद आहे. देवरूखहून तू तरी किती वेळा जाऊन झाडणार? पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर आहेत, त्यांना घर आणि बारमाही पाण्याची परसातली बाव पसंत पडली आहे.

एजंट म्हणतो, आधी कागद नीट करा. सातबाऱ्यावर अजून बाबांचं नाव आहे, तिथे वारस म्हणून आपल्या दोघांची नावं चढवायची आहेत. आईच्या पत्र्याच्या पेटीत घरपट्टीच्या पावत्या आणि मोजणीचा नकाशा असेल, तेवढा काढून ठेव. कौलं फुटली असतील तर तीही बदलून घे. गळकं घर दाखवायला नको.

तुझी सही लागणार आहे. नाही म्हणू नकोस. प्रकृतीला जप.

तुझा,
धम्मदीप

देवरूख
दि. २३ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीप यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. दर्शनाला आणि सानिकाला जयभीम.

तुझ्या पत्रात चुका तीनच निघाल्या. कुठल्या ते सांगत नाही, शोध.

गुरुवारी गावी गेले. पावत्या आणि नकाशा मिळाला. चौदा कौलं फुटली होती, ती बदलून घेतली. मग लादी पुसायला पाणी आणावं म्हणून बावीवर गेले, तर बावीवर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. मला वाटलं ग्रामपंचायतीने बसवली असेल. मागच्या घरातली हौसाकाकी म्हणाली, की तुमच्या एजंटाने माणूस आणून बसवली, धम्मदीपला विचारलंय म्हणाला. पंधरा दिवस ती सत्तरीची बाई खाली पऱ्याच्या आटत्या पात्रातल्या खड्ड्यातून पाणी आणते आहे. सगळी वाडीच आणते आहे. मला कळवलं का नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, बाव तुमची, उघडायची की नाही ते तुम्ही बघणार.

किल्ली एसटी थांब्यावरच्या दुकानात ठेवली होती. ती आणून मी कुलूप काढलं. हौसाकाकी कळशी घेऊन आली आणि काठापासून चार हात लांब उभी राहिली. मला विचारलं, रेणू, भरू काय? दीपू, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

आपल्या जन्माआधीची गोष्ट, आई सांगायची ती. आपली आजी गावच्या विहिरीवर अशीच लांब उभी राहायची. वरच्या वाडीतल्या कोणी ओतलं तर कळशी भरायची, नाहीतर उन्हात थांबायचं. दीक्षा घेऊन आल्यावर जानूआज्याने ठरवलं, की आता आपली बाव. जागा त्याची होती, पण दोन उन्हाळे जांभा फोडला तो सगळ्या वाडीने. पहिलं पाणी लागलं त्या दिवशी आजा म्हणाला, या बावीवर कोणी विचारून पाणी भरायचं नाही. लोक म्हणाले, कागद करून दे. त्याने केला नाही. लिहून दिलं तर मी देणारा आणि तुम्ही घेणारे ठरता, असं त्याचं म्हणणं. तिथेच तो चुकला. सातबाऱ्यावर फक्त आपल्याच घराचं नाव राहिलं.

वारसाच्या अर्जावर सही केली आहे, सोबत पाठवते. खरेदीखतावर मात्र वाडीची वाट आणि पाणी लिहिलं गेलं तरच करीन. तुझी अडचण मला कळते. रात्रंदिवस तीच डोक्यात आहे. तरीही करणार नाही.

रागावलास तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
आक्का

कांदिवली, मुंबई
दि. २३ मार्च २०२५

ती. आक्कास,
सविनय जयभीम.

उत्तराला महिना लागला. आधी राग आला होता, मग लाज वाटली.

जाळीचं एजंटाने मला विचारलं होतं. इंजिनिअरसाहेबांची नातवंडं लहान आहेत, बाव उघडी नको, असं म्हणाला. ते खरंच होतं. पण पुढे असंही म्हणाला, की बायकांची ये-जा दिसली तर भाव पडेल, कुलूपच लावू. त्यालाही मी बरं म्हटलं. तुला सांगितलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला ठाऊक होतं. हौसाकाकीच्या मांडीवर वाढलो मी, आक्का.

मग एजंटाला बाजूला ठेवून मी साहेबांशी स्वतः बोललो. त्यांनी आठ दिवस मागितले. हक्क लिहायला ते तयार आहेत, पण किंमत कमी करून. बदलापूरची लिफ्टवाली जागा आता आपल्या आवाक्यात नाही. दर्शनाने तिथेच तळमजल्यावरची एक पाहिली. सकाळी गेली, दुपारी गेली, शेजारच्या बायकांना पाणी किती वेळ येतं ते विचारून आली. पाणी तासभर येतं, ऊन मात्र अजिबात येत नाही. ती म्हणाली, चालेल. तिने एका शब्दाने मला टोचलं नाही, त्याचंच जास्त लागतं.

वकिलांनी मसुद्यात घातलं आहे, की वाडीतल्या रहिवाशांचा बावीवर पाणी भरण्याचा आणि परसातून येण्याजाण्याचा हक्क कायम राहील. आज्याने लिहिलं नाही ते आपण लिहितो आहोत. त्याला आवडलं असतं की नाही कोण जाणे.

एकवीस एप्रिलला देवरूखला येतो. भाकरी करून ठेव.

तुझा,
धम्मदीप

देवरूख
दि. २५ मे २०२५

चि. धम्मदीप यास,
अनेक आशीर्वाद.

नवीन घरात सामान लागलं असेल. सह्या झाल्यावर तू गावाकडे न वळता सरळ मुंबईची गाडी धरलीस. का ते मला कळलं, म्हणून आग्रह केला नाही.

काल हौसाकाकीच्या नातीचा, आरोहीचा साखरपुडा झाला. मी गेले होते. आपल्या घराला नवा रंग दिलाय, दाराला त्यांचं कुलूप आहे. बावीवर जाळीचं झाकण आहे, पण उचलता येणारं. दुपारी पाणी संपलं तेव्हा बायकांबरोबर मीही कळशी घेऊन निघाले. काठाजवळ माझे पाय थांबले. घर आता आपलं नाही, आणि कागदावर हक्क लिहिलाय तो वाडीतल्या रहिवाशांचा. मी राहते देवरूखला. मी चार हात लांब उभी राहिले आणि हौसाकाकीला विचारलं, भरू काय?

ती रागावली. दोर माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, मास्तरीण झालीस तरी आज्याचा शब्द विसरलीस काय, इथे विचारायचं नसतं. मी कळशी भरली. मग काठावर बसून रडले, बायका होत्या तरी रडले.

मे संपत आला तरी बावीत दोन पुरुष खोल पाणी आहे. दर्शनाला आणि सानिकाला घेऊन ये. वाट तीच आहे. ये, पाणी भर, आणि कोणाला विचारू नकोस.

तुझी,
आक्का