रविवारचा वर्ग कोणाकडे जाईल याबद्दल

मी, आसिपा जुमाबाएवा, वय सत्तेचाळीस, नारीनच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी, हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी बिश्केकला निघण्यापूर्वी माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळीच मोलचे ग्रॅम करून पाहिले, उत्तर बरोबर आलं. कोणाचा दबाव नाही. शेजारीण कान्यशाय "आटप, तळलेले बोरसोक गार होतायत" म्हणतेय, तेवढाच.

डॉक्टर म्हणतात, मी परत येईन. मलाही तसंच वाटतं. तरीही.

१. नदीकाठचं राहतं घर व परसातली बटाट्याची जागा माझी मुलगी सेझिम हिला बिनशर्त देत आहे. तिने राहावं, विकावं किंवा कुलूप लावावं.

२. काचेची भांडी व छोटा तराजू शाळेला. तराजू ग्रॅममध्ये वजन दाखवतो. किलोग्रॅम हवे असतील त्याने हजाराने भागावं, तराजूला शिव्या देऊ नयेत.

३. भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक तोलोगोन सादिरबाएव, म्हणजे गावाचे तोलोगोन बाइके (थोरले भाऊ), यांच्यावरचा माझा जुना राग त्यांना साभार परत. मी परीक्षेत गणित घातलं होतं: दोनशे मिलिलिटरच्या पियाल्यात मिठाचं द्रावण आहे, त्याचे लिटर करून तीव्रता काढा. साऱ्या वर्गाने शंभर मिलिलिटर धरले. आपल्याकडे चहाचा पियाला काठोकाठ भरणं म्हणजे 'आता निघा'; पाहुणा टोपी शोधू लागतो. मुलांनी अर्धाच भरला.

"आसिपा, तुझी पोरं द्रावणालाही पाहुणा समजतात!" बाइके शिक्षकांच्या खोलीत ओरडले.

"लिटर तर बरोबर केले ना?"

"केले की! आधी निम्मा पियाला रिकामा ठेवून!"

हा किस्सा त्यांनी गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितला आहे.

४. आता मुख्य गोष्ट. दर रविवारी माझ्या पुढच्या खोलीत मुलं गणितं सोडवायला येतात. मी एकच शिकवते: आकड्याला एकटं सोडू नका, शेजारी त्याचं एकक लिहा. वर मिलिलिटर, खाली मिलिलिटर, काट मारा. शेवटी जे उरेल तेच प्रश्नात विचारलेलं असायला हवं; नसेल तर मागे फिरा.

सेझिमला दूरच्या ओश शहरातल्या नाट्यगृहातून पोशाख शिवायच्या कामासाठी बोलावणं आलंय. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.

"मी नाही जात, अपा. तुला काही झालं तर वर्ग कोण घेईल?"

"सेल्सिअसचं केल्विन करताना तुला झोप येते."

"येऊ दे. बसल्या बसल्या झोपेन."

ती हसली, मीही हसले. पण ती खरंच थांबेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून स्पष्ट लिहिते: वर्ग सेझिमकडे जाणार नाही. घराबरोबर नाही, माझ्या आठवणीबरोबरही नाही. लिटरचे मिलिलिटर केले तरी पाणी तेवढंच असतं. ओशमध्ये बाह्या शिवणारी सेझिम तेवढीच माझी आहे.

वर्ग मी तोलोगोन बाइके यांच्याकडे सोपवते. त्यांना विचारलं आहे.

"भौतिकवाल्याच्या गळ्यात रसायन?"

"एककं तीच आहेत, बाइके."

"खायला काय असतं?"

"शेंगदाणे."

"मग येतो. खुर्ची मात्र माझी आणणार."

हा कागद नोंदवायला घरी आलेल्या नोटरीबाईंनी इथे हरकत घेतली: बाइके साक्षीदार म्हणून सही करणार होते, पण लाभ घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही.

"लाभ?" बाइके म्हणाले. "अगं पोरी, खोलीभर पोरं, टरफलांचा ढीग आणि वर मोल! याला लाभ म्हणतेस?"

बाईंनी जरा विचार केला आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

सेझिम दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती अंगणात गेली. आता तिचा आवाज येतोय. ती ओशला फोन करते आहे: आईची शस्त्रक्रिया झाली की येते, स्वतःची कात्री आणायची का?

हे ऐकून मी सही करते.

आसिपा जुमाबाएवा

साक्षीदार:
तोलोगोन सादिरबाएव (राग परत मिळाला)
कान्यशाय ओरोझोवा

नारीन, ११ एप्रिल २०२४