डोळा मिचकावला म्हणजे वावर दिलं असं नाही

मी, कोकिळाबाई मधुकरराव निकोडे, धंदा भाजीपाला, राहणार सिंदी मेघे, तालुका व जिल्हा वर्धा, आज आपल्याच ओसरीवर बसून, डोकं ठिकाणावर असताना, कोणी दटावलं नाही, काही पाजलं नाही, गोड बोलून गुंगवलं नाही, अशा स्थितीत माझ्यामागे काय कोणाचं व्हावं ते सांगून ठेवत आहे. वय आधार कार्डावर एक आहे, खरं दुसरं आहे. सरकारनं विचारलं तर कार्डावरचं धरावं, तिथं मी लहान आहे.

मी शाळेची पायरी चढले नाही. लिहिणारे बंडूजी आहेत. ते तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहीत बसत. लोक कॉम्प्युटरवर जाऊ लागले तेव्हा घरी बसले. त्यांना ताकीद दिली आहे की बोलते तसं लिहा, आणि ओसरीवर दुसरं कोणी बोललं तर तेही लिहा. "मावशी, कायद्याची भाषा थोडी घालावी लागेल," असं ते म्हणाले. घाला म्हटलं, भाजीत मीठ घालतात तेवढी.

माझी नात गुंजन म्हणत होती, "आजी, फोनमध्ये बोल, तोच लिहून देतो." तिनं करूनही दाखवलं. मी "माझ्यामागे" एवढंच बोलले, तर पुढचा शब्द त्यानं आपल्या मनानं सुचवला. माझ्या तोंडून पुढे काय निघणार हे मधुकररावांना सारा संसार होऊनही कळलं नाही, त्या डबीला कसं कळलं? ज्याला माझं वाक्य पुरं करायची एवढी घाई आहे, त्याला माझं भाजीचं वावर घ्यायचीही असणार. म्हणून हे पत्र कागदावर, शाईनं, हातानं. घरातले सगळे फोन सध्या ज्वारीच्या कोठीत आहेत. आमच्याकडे महत्त्वाचं बोलायचं असलं की ते तिथंच असतात.

साक्षीदार मी पारखून घेतले आहेत. शकुंतलाबाई आणि हरिदास हे माझ्या दोन बाजूंचे शेजारी. नालीच्या पाण्यावरून त्यांचं भांडण झालं, तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. गोडीतले साक्षीदार एक होऊन खोटं बोलू शकतात. हे दोघे खरंसुद्धा एक होऊन बोलणार नाहीत, म्हणून माझ्या कामाचे.

बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. त्या डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलंच नाही, सगळा वेळ समोरच्या स्क्रीनकडे पाहत होता. तेव्हा बुद्धी शाबूत आहे ती माझी की स्क्रीनची, हे देव जाणे. पण शिक्का खरा आहे.

कलम १. राहतं घर. घर मधुकररावांनी आणि मी मिळून बांधलं, ते माझ्या नावावर आहे. समोरची खोली माझा धाकटा मुलगा देवेंद्र याला. तो वर्ध्यात फ्लॅटमध्ये राहतो, ऑफिसात कारकून आहे. मागची खोली, स्वयंपाकघर आणि हँडपंप माझी थोरली सून गोपिका हिला. थोरला आदेश गेला तेव्हा लोक म्हणाले, ही आता माहेरी जाईल. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी वांग्यांना पाणी द्यायला गेली. विजेचा नवा हुशार मीटर घराबरोबर ज्याच्या वाट्याला येईल त्यानं भोगावा. त्याच्या आधी या घरात हुशार मी एकटीच होते आणि बिल कमी येत होतं.

कलम २. फ्रिज व मिक्सर. धाकटी सून उज्वला हिला, कारण पसंत तिनं केले. फ्रिजची वॉरंटी संपली आणि त्याच आठवड्यात फ्रिजनं मान टाकली. वॉरंटी संपल्याचं माणसाच्या ध्यानात राहत नाही, वस्तूच्या बरोबर राहतं. कंपनीच्या नंबरावर फोन लावला, तर बाई म्हणे, "आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है." महत्त्वाचा आहे तर उचल ना माय! शेवटी एक माणूस आला. त्यानं दार उघडलं, दार लावलं आणि म्हणाला, "आजी, हे मॉडेल कंपनीनं बंद केलं." मी म्हटलं, बाबा, माझंही मॉडेल बंदच झालं आहे, तरी रोज पाटी उचलते. सध्या त्या फ्रिजात आम्ही कांदे ठेवतो. हवा खेळती राहते.

कलम ३. भाजीच्या दुकानावरचा बोलका डबा. फोनवरून पैसे आले की हा डबा ओरडून सांगतो. नवऱ्याची कमाई बायकोला कळत नाही, पण माझी कमाई साऱ्या भाजीबाजाराला कळते. वर महिन्याचं भाडंही मीच द्यायचं. ओरडायचं भाडं मागणारा मी दुसरा पाहिला नाही. हा डबा गोपिकाला. तिला एकच सूचना: एखाद्या गिऱ्हाइकानं "पाठवले मावशी" म्हटलं आणि डबा गप्प असला, तर कोथिंबीर हातातून सोडू नये.

कलम ४. माझा मोबाईल. गुंजनला. घरात मी गुडघा दुखतो म्हटलं की त्यावर तेलाची जाहिरात येते. वैद्याला सांगितलेलं वैद्य विसरतो, ह्याला न सांगितलेलं लक्षात राहतं. एकदा मी तिला म्हटलं होतं, "ह्यात 'मान्य आहे' असं दाबतेस, ते काय मान्य आहे ते वाच बरं." पोरगी वाचत गेली, बोटानं वर सारत गेली, बॅटरी संपली पण कंपनीच्या अटी संपल्या नाहीत. वाचता येणाऱ्यांनीही न वाचताच अंगठा लावायचा, तर मग मी शाळा बुडवली त्यात माझं काय बुडालं? मी गेल्यावर माझा फोटो त्या मोबाईलवरून सगळीकडे पाठवतील, त्याला माझी मनाई नाही. फक्त फोटोत मला गोरी करू नये. वर गेल्यावर मधुकरराव ओळखायचे नाहीत.

विळे, कुदळ, पाट्या आणि पितळी तराजू हे वावराबरोबर आहेत, म्हणून ते पुढच्या कलमात धरावेत.

कलम ५. वावर. हेच खरं कलम आहे, बाकीची ह्याच्या आधीची चटणी समजावी.

सिंदी मेघेला लागून असलेलं माझं भाजीपाल्याचं वावर, विहीर व मोटारपंपासह, मधुकररावांनी माझ्या नावानं विकत घेतलं होतं. सातबारा माझ्या नावावर आहे. तीन बाजूंनी आता प्लॉट पडले आहेत, चौथ्या बाजूनं लोक येऊन विचारून जातात.

पोळा होऊन गेल्यावर देवेंद्र एका कंपनीच्या माणसाला घेऊन वावरात आला. त्या माणसाच्या गळ्यात पट्टा, हातात मोठा फोन, तोंडात साखर. म्हणे, "आजी, आमच्या ॲपवर या. बियाणं आमचं, खत आमचं, माल आम्हीच उचलणार. तुम्ही फक्त अंगठा लावा." फुकट देणाऱ्याच्या हाताकडे पाहू नये, खिशाकडे पाहावं. पण देवेंद्र सोबत होता. मुलगा सोबत असला की आईचा संशय जरा झोप काढतो. मी अंगठा लावला. मशीननं घेतला नाही. दुसरा लावला, मग बोटं लावली, एकही चाललं नाही. वांग्याच्या काट्यांनी आणि भेंडीच्या कुसांनी बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या आहेत. मशीन म्हणे, ही बाई ती बाई नाही.

मग तो म्हणाला, "काही हरकत नाही आजी, चेहरा चालतो. इकडे बघा आणि डोळे मिचकवा."

मी म्हटलं, "काऊन रे बाप्पा? ह्या वयात परक्या माणसाले डोळा मारू?"

तो हसला, देवेंद्र हसला. मी काही मिचकावणार नव्हते. पण संध्याकाळची वेळ, विहिरीवरची चिलटं, त्यातलं एक गेलं माझ्या डोळ्यात. डोळा मिटला. त्याच्या हातातल्या फोनवर टिंग वाजलं. तो म्हणाला, "झालं!"

काय झालं, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. देवेंद्रच्या मोबाईलवर मात्र संदेश आला की कोकिळाबाई, अभिनंदन, तुम्ही आमच्या परिवारात आलात. माझा परिवार माझ्या ओसरीवर मावतो. हे कोण नवीन नातेवाईक? गुंजनकडून वाचून घेतलं तेव्हा कळलं, की वावर पुष्कळ वर्षांसाठी कंपनीच्या हाती जाईल, काय पेरायचं ते कंपनी सांगेल, आणि घरच्या एका माणसाला तिथं रोजानं काम मिळेल. घरचा एक माणूस म्हणजे गोपिका. आपल्याच वावरात तिनं रोजानं जायचं.

म्हणून लिहून ठेवते की सदर वावर, विहीर, पंप व अवजारांसह, माझ्या पश्चात एकट्या गोपिकाचं. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. चिलट डोळ्यात गेल्यानं डोळा मिटणे ही संमती नव्हे. माझी संमती फक्त कागदावर, शाईनं, डाव्या अंगठ्यानं, साक्षीदारांसमोर. यंत्रानं घेतलेला माझा चेहरा, डोळा, आवाज वा हसणं कोणी पुढे आणलं तर ते चोरीचं समजावं.

इथपर्यंत लिहून झालं आणि देवेंद्र धापा टाकत ओसरीवर आला. ठरल्याप्रमाणे पुढचं बोलणं बंडूजींनी लिहिलं आहे ते असं.

देवेंद्र: "आई! कोणी फोन काऊन उचलत नाई? मले वाटलं तुले काही झालं!"

मी: "मी गेली असं वाटलं काय? बस. तुह्याच वाटणीचं चालू आहे."

त्यानं बंडूजींच्या हातातून कागद घेऊन कलम पाच वाचलं. वाचून झाल्यावर उभाच राहिला.

देवेंद्र: "आई, मी काय वाईट केलं? वहिनी एकटी किती दिवस चिखल तुडवून राह्यली, पाहतो मी. कंपनी महिन्याच्या महिन्याले पैसे देईन. उन्हातान्हात मरायचं काम नाई."

मी: "गोपिकाले विचारलं होतं?"

गोपिका दाराशी मेथी निवडत होती. ती सहसा बोलत नाही. खाली पाहूनच म्हणाली,

"भाऊजी, मले चिखलाचा तरास नाई. उद्या त्या पट्टेवाल्यानं मले माह्या विहिरीवर येऊन म्हटलं, आज इथं पाणी नको देऊ, तर मी काय करू? त्याले विचारून वावरात जाऊ?"

शकुंतलाबाई म्हणाल्या, "बरोबर आहे बाई तुहं." हरिदास म्हणाले, "बरोबरच आहे." मग दोघांच्या ध्यानात आलं की आपण एकच बोललो, आणि दोघं दोन दिशांना पाहू लागले.

देवेंद्रनं आपला फोन काढला. म्हणाला, "थांब, आताच्या आता रद्द करतो." त्यानं कंपनीला लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. हिंदीसाठी एक दाबा. दाबला. शेतकरी असाल तर दोन दाबा. दाबला. परिवारात येण्यासाठी तीन दाबा. जाण्यासाठी कोणताच आकडा नव्हता. मग बाजा वाजू लागला. ओसरीवर आम्ही इतकी माणसं तो बाजा ऐकत बसलो, बंडूजींनी तेवढ्यात चहा संपवला. शेवटी बाईचा आवाज आला, "हमारी सेवा आपको कैसी लगी, पाँच में से तारे दीजिए," आणि फोन कटला. सेवा कुठली, तारे कसले! येताना दार पुढून, जाताना दारच नाही, असं घर मी तरी उंदराच्या पिंजऱ्याशिवाय पाहिलं नाही.

देवेंद्र खांबाला टेकून बसला. म्हणाला, "बंडूजी, माह्याकडून एक लिहा."

मी म्हटलं, "त्याच्याच हातानं लिहू द्या."

कलम ६. हे कलम देवेंद्रनं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे: "मी, देवेंद्र मधुकरराव निकोडे, लिहून देतो की डोळा मिटल्यावर त्या फोनवर 'मंजूर आहे का' असा प्रश्न आला होता. आईनं तो पाहिला नाही, तिला कोणी वाचून दाखवला नाही. खाली 'होय' होतं ते मी दाबलं. मोबाईल नंबरही माझाच दिला. चेहरा आईचा होता, होकार माझा होता. वावर आईचं आहे आणि तिच्यामागे वहिनीचं आहे. कंपनीनं काही काढलं तर हा कागद घेऊन मी वहिनीच्या बाजूनं उभा राहीन."

हे बंडूजींनी मला वाचून दाखवलं. नंतर शकुंतलाबाईंनी वेगळं वाचून दाखवलं. दोघांचं जुळलं. पोटच्या पोरावर एवढा संशय बरा नाही, असं हरिदास म्हणाले. संशय पोरावर नाही, बोटावर आहे, असं मी त्यांना सांगितलं.

ह्या पत्राची अंमलबजावणी गुंजननं करावी. ह्याआधी मी कुठं काही सांगितलं, लिहवलं, मान्य केलं असेल, ते सगळं आजपासून रद्द. ह्यानंतर काही बदलायचं असेल तर मी पुन्हा बंडूजींना बोलावीन. कोणी येऊन सांगितलं की आजीनं मरताना फोनवर कबूल केलं, तर त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावं.

वरील सर्व मजकूर मला समजेल अशा भाषेत वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी, आणि त्यांनी माझ्या देखत, खाली निशाणी व सह्या केल्या.

ठिकाण: सिंदी मेघे, वर्धा
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: कोकिळाबाई मधुकरराव निकोडे

साक्षीदार: शकुंतलाबाई (सही)
साक्षीदार: हरिदास (सही, कागद शकुंतलाबाईंच्या हातून न घेता खाली ठेवायला लावून केली)

कलम ६ पुरती सही: देवेंद्र मधुकरराव निकोडे

लेखनिक: बंडूजी. बोलतील ते सगळं लिहायचं ठरलं होतं म्हणून एवढं जास्तीचं लिहितो. देवेंद्रनं सही केली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आई, आता तरी विश्वास आहे ना माह्यावर?"

कोकिळाबाईंनी कागद आपल्याकडे ओढून उन्हात धरला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "शाई वाळू दे."